मावशीचा आवाज जात नाही

मागच्या श्रावणात खासबागेतल्या माझ्या मावशीने फोनवर एक अजब तक्रार सांगितली. "पोरांचं सगळं मला दिसतंय गं, ऐकूही येतंय. माझंच त्यांना जात नाही." आधी वाटले, वय झाले आहे, चुकून मोबाइलचे कुठले तरी बटण दाबले गेले असेल. पण मावशी चुकत नव्हती. तिने आजाराचे नेमके लक्षण सांगितले होते, आणि ते मला समजायला दोन महिने लागले.

थोडी पार्श्वभूमी सांगते. मावशी बेळगावात सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. सगळी नोकरी पहिली-दुसरीच्या वर्गांवर, म्हणजे अक्षरे गिरवून घेण्यात गेली. मुलगा बंगळूरला असतो. त्याच्या दोन मुलांची शाळा इंग्रजी, दुसरी भाषा कन्नड, आणि इमारतीखाली खेळताना हिंदी. मराठीसाठी उरते फक्त जेवणाचे टेबल. २०२० साली सगळे घरात कोंडले गेले तेव्हा मावशीने शनिवारी संध्याकाळी व्हिडिओवरून नातवंडांना मराठी शिकवायला घेतले. मग त्याच इमारतीतली तीन मुले आली, एका भाचीची अमेरिकेतली मुलगी आली (तिची तेव्हा सकाळ असते, बिचारी डोळे चोळत बसते), अशी सात-आठ डोकी झाली. शाळा बंद झाल्या तेव्हा सुरू झालेला हा वर्ग शाळा उघडल्यावरही चालूच राहिला. फी नाही, परीक्षा नाही, पण शुद्धलेखन मात्र दर शनिवारी!

आणि घोटाळा शुद्धलेखनातच व्हायचा. मावशी इकडून 'स्वच्छ' म्हणायची, तिकडे नुसता 'छ' पोचायचा. जोडाक्षर वाटेतच सांडायचे. मुले "आजी, परत सांग, आजी, परत सांग" करायची. मावशीला त्यांचे "परत सांग" अगदी स्वच्छ ऐकू यायचे.

तर हे असे का होत होते? मावशीच्या घरी जुन्या तांब्याच्या टेलिफोन तारेवरचे ब्रॉडबँड होते. त्या तंत्राला एडीएसएल म्हणतात, आणि त्यातल्या 'ए'चा अर्थच मुळी 'असमान' असा आहे. एकाच तारेवरून जाणारे आणि येणारे अशा दोन वाटा काढतात, आणि त्यातली येणारी रुंद ठेवतात, जाणारी चिंचोळी. आखणाऱ्यांचा हिशेब सरळ होता. घरातला माणूस बघणार, वाचणार, उतरवून घेणार; त्याला स्वतःला पाठवायचे असे काय असणार? फार तर एखादी ईमेल. या तंत्राच्या सुधारलेल्या रूपातसुद्धा येण्याचा वेग जास्तीत जास्त २४ एमबीपीएस आणि जाण्याचा एकाच्या आसपास. तोही टेलिफोन केंद्राच्या जवळ राहणाऱ्याला. तार जितकी लांब तितका वेग कमी. मावशीकडे मोजून पाहिले तेव्हा यायला तीन आणि जायला पाव एमबीपीएस भरला. समोरच्याचा चेहरा दिसायला तीन पुरतात. आपला चेहरा आणि आवाज धड पोचवायला पाव पुरत नाही.

गंमत म्हणजे हा विचार सरकारी व्याख्येतही आहे. आपल्याकडे २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात किमान २५६ केबीपीएस वेग असेल तर ते ब्रॉडबँड असे ठरले. २०१३ मध्ये ही मर्यादा ५१२ केबीपीएस झाली, २०२३ मध्ये २ एमबीपीएस. तिन्ही वेळा मोजला तो डाउनलोडचा वेग. ग्राहकाला काय मिळते ते व्याख्येत आले. ग्राहकाला बाहेर काय पाठवता येते ते नाही. जाहिरातींचेही तसेच. मोठ्या आकड्यात जो वेग लिहितात तो येण्याचा. जाण्याचा वेग विचारावा लागतो, आणि विचारला तर दुकानातला पोरगा आधी आपल्याकडे नीट बघून घेतो.

मला स्वतःला हे कधी सुचले नव्हते हे कबूल करते. आमच्याकडे गोव्यात २००६ साली घरी ब्रॉडबँड आले तेव्हा २५६ केबीपीएसचे केवढे अप्रूप होते! पाच एमबीचे एक गाणे उतरायला हिशेबाने अडीच मिनिटे, प्रत्यक्षात चहा होऊन पिऊन व्हायचा. रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट असायचे, म्हणून गजर लावून उठणारे लोक मला माहीत आहेत (एक तर घरातलाच). त्या काळात मराठी पाने उघडली की कधी अक्षरे दिसत, कधी नुसते चौकोन. दिसली की आनंद. तेव्हा आपण सगळे घेणारेच होतो. पुण्या-मुंबईकडून, अमेरिकेतल्या मराठी मंडळींकडून जे यायचे ते घ्यायचे. आपल्याकडून तिकडे काही जावे अशी अपेक्षाही नव्हती, मग वाट चिंचोळी आहे हे कळणार कसे?

असो. मावशीच्या मुलाने फायबर घ्यायचे ठरवले. त्याला बंगळूरहून यायला सवड नव्हती आणि पणजीहून मी जवळ. शिवाय फॉर्म भरणे आणि कागद जोडणे हे माझे रोजचेच काम, त्यामुळे नेमणूक बिनविरोध झाली.

साखळी, केरी करत चोर्ला घाट चढला आणि कणकुंबीला (हो, म्हादईच्या वादातले तेच कणकुंबी) मोबाइलवर कर्नाटकात स्वागत झाल्याचा निरोप आला. पूर्वी हा निरोप आला की लोक फोन बंद करून ठेवत, कारण रोमिंगचे पैसे पडत. आता पडत नाहीत, म्हणून निरोप कुणी वाचतही नाही. मी वाचला, कारण पुढे जे घडले त्याचे मूळ त्यात आहे. बेळगावात गोवावेस लागली की मला उगाच बरे वाटते. शहराने आपल्याकडे तोंड करून एक वेस ठेवली आहे ना! तिथून शहापूर आणि मग खासबाग. जुन्या गावभागासारखी अरुंद घरे, आणि त्यातल्या कित्येक घरांतून यंत्रमागांची खटखट. खासबाग, वडगाव, शहापूर हा सगळा पट्टा विणकरांचा. इंदिरा संतांचे बेळगाव, पुलंच्या रावसाहेबांचे बेळगाव वगैरे आपण पुस्तकातून ओळखतो. या गल्ल्या मात्र त्या पुस्तकांत फारशा येत नाहीत. गोव्यातल्या लग्नांत नेसल्या गेलेल्या कितीतरी साड्या याच बाजूने घाट उतरून आल्या असतील.

जोडणीला दोन पोरगे आले, एक शिडीवर, एक खाली. खालचा मावशीला बघून चपला काढून उभा राहिला. "बाई, ओळखलासा काय?" मावशीने ओळखले, दुसरीतला बाकही सांगितला. तो मावशीशी मराठीत, शिडीवरच्याशी कन्नडमध्ये आणि माझ्याशी का कोण जाणे हिंदीत बोलत होता. मी दोनदा मराठीत उत्तर दिल्यावर गोव्याच्या पाहुण्या मराठी बोलतात हे त्याला पटले.

काचेचा धागा जोडताना मी प्रथमच पाहिला. आतला तंतू कवचासकट १२५ मायक्रॉन, म्हणजे जेमतेम एका जाड केसाइतका, आणि प्रकाश जातो तो गाभा त्याच्याही आत, नऊएक मायक्रॉनचा. दोन टोके साफ कापायची, पेटीएवढ्या यंत्रात समोरासमोर ठेवायची, यंत्र ती नेमकी जुळवते आणि विजेच्या ठिणगीने वितळवून एक करते. शेजारचे विणकर काका माग थांबवून बघायला आले होते. ताण्यातले तुटलेले दोरे सांधण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी वाकून पाहिले, बोटाने जोड चाचपायला गेले ("हात लावू नका काका, काच घुसती!") आणि कन्नडमध्ये काहीतरी म्हणाले. मावशीने मला सांगितले, "गाठ नाही दिसत, म्हणतायत." सांधा जमल्याची पावती ज्याने द्यायची त्याने दिली म्हणायची.

जोडणी झाली. यायला ९४, जायला ९१. पोरगा म्हणाला, "बघा की बाई, कसं पळूलंय." फायबरवर दोन्ही वाटा जवळजवळ सारख्या रुंद ठेवता येतात, आणि या प्लॅनमध्ये तशा ठेवल्या होत्या. (घेण्याआधी विचारून घ्या. सगळे प्लॅन तसे नसतात.)

पण मावशी खूश नव्हती. एक तर तिचा नंबर गेला. काकांनी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट बघितल्यावर मिळालेला तो नंबर. आमच्या सगळ्या घरांत कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहिलेला. मोबाइलचा नंबर कंपनी बदलली तरी ठेवता येतो, ३ जुलै २०१५ पासून तर देशात कुठेही. घरच्या तारेच्या फोनला मात्र कंपनी बदलल्यावर आपल्याकडे ती सोय नाही. आणि दुसरे, तिने विचारले, "लाईट गेल्यावर हा वाजणार काय?"

मी गप्प बसले, कारण उत्तर 'नाही' असे होते. जुन्या फोनला वीज टेलिफोन केंद्रातून तारेवाटेच मिळायची, ४८ व्होल्ट, तिथल्या बॅटऱ्यांवरून. अख्खी गल्ली अंधारात असली तरी तो फोन जिवंत. काकांच्या शेवटच्या आजारपणात भर पावसात रात्री लाईट गेली होती आणि मावशीने त्याच फोनवरून रिक्षावाल्याला उठवले होते. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. घरातली वीज गेली की ही पेटी मेली. नव्यात काय मिळते ते सगळे सांगतात. जुन्यातले काय जाते ते सांगणारा त्या दिवशी कुणी नव्हता, मीसुद्धा सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी राउटरला लावायचा छोटा यूपीएस आणून बसवला. तो तीन-चार तास काढतो. तेवढ्यावर मावशीने समझोता केला.

आता मुख्य गोष्टीकडे येते. मी पणजीला परतल्यावर चौथ्या दिवशी त्या पेटीवरचा लाल दिवा लुकलुकायला लागला. वार शनिवार. मावशीने कंपनीच्या तक्रार नंबरवर मोबाइलवरून फोन लावला. यंत्र आधी कन्नडमध्ये बोलले, मग इंग्रजीसाठी एक आकडा, हिंदीसाठी एक आकडा. मराठीसाठी आकडा नाही. मावशीला कन्नड येत नाही असे नाही. भाजी घेण्याइतकी, शेजाऱ्याची विचारपूस करण्याइतकी चांगली येते. पण यंत्राची कन्नड वेगळी. ती घाईत असते, आणि "काय म्हणालात?" म्हटले तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. हिंदी घेतले तर पुढचा माणूस भराभरा बोलून गेला आणि एक लांबलचक क्रमांक मागून गप्प झाला. तिने ठेवून दिला आणि मला लावला.

मी हुशारी केली. त्याच कंपनीचे कार्ड माझ्या मोबाइलमध्ये आहे. मी पणजीतून त्यांना फोन लावला, आणि काय आश्चर्य, यंत्र चक्क मराठीत बोलले! नमस्कार-चमत्कार सगळे मराठीत. पुढे जी मुलगी भेटली तीही मराठी, गोड बोलणारी. तिने मावशीचा क्रमांक लिहून घेतला, थोडा वेळ शोधले आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही महाराष्ट्र-गोवा सर्कलमधून बोलताय. हे कनेक्शन कर्नाटकचं आहे, ते मला इथं दिसत नाही."

म्हणजे बघा. मराठी बोलणारे यंत्र त्यांच्याकडे आहे. ज्या तक्रारीला ते लागणार होते तिथपर्यंत मात्र त्याचा हात पोचत नाही.

ही सर्कल भानगड थोडी समजून घेण्यासारखी आहे. टेलिफोन कंपन्यांच्या दृष्टीने देशाचे २२ भाग आहेत, आणि ते राज्यांच्या सीमांशी बहुतेक जुळतात, पण सगळीकडे नाही. त्यात गोवा महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये आहे (आणि मुंबई त्यात नाही, ती वेगळी!). टपालातही आपण महाराष्ट्र सर्कलमध्येच. आता आठवा, १६ जानेवारी १९६७ चा सार्वमताचा कौल. महाराष्ट्रात जायचे की नाही यावर गोव्याने ३४,०२१ मतांच्या फरकाने 'नाही' म्हटले. ज्यांच्या घरांत त्या कौलाच्या कडू-गोड आठवणी अजून निघतात त्यांना मी वेगळे काय सांगणार. आणि बेळगाव? १ नोव्हेंबर १९५६ ला ते तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले आणि तेव्हापासून तिथले मराठी लोक महाराष्ट्रात जायचे म्हणत आले आहेत. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात घातलेला दावा अजून लोंबकळतो आहे. म्हणजे ज्यांनी नाही म्हटले त्यांना टेलिफोन कंपन्यांनी महाराष्ट्रात घातले, आणि ज्यांना जायचे होते ते बाहेर राहिले. यात कुणाचा कट वगैरे नाही. कुणी तरी नकाशा घेऊन कामाच्या सोयीने रेघा मारल्या, एवढेच. पण यंत्राने कुठल्या भाषेत बोलायचे ते त्या रेघांवरून ठरते.

बरे, एसटीडी कोड पाहिले तर आणखीच मजा. बेळगावचा ०८३१, गोव्याचा ०८३२! म्हणजे आकडे वाटणाऱ्याच्या लेखी आपण आणि बेळगाव शेजारी शेजारी, एका बाकावर बसलेले. जुन्या काळी घाईत शेवटचा आकडा चुकला तर पणजीचा फोन बेळगावात वाजायचा. मावशीच्या नव्या नंबराच्या पाठीशी ०८३१ तेवढा टिकला आहे, त्याचे तिला समाधान आहे.

माझे म्हणणे असे आहे, की भाषांची यादी सर्कलप्रमाणे ठरवणे हा आळस आहे. तांत्रिक अडचण म्हणाल तर काहीच नाही. मराठीतले रेकॉर्डिंग त्यांच्याकडे तयार आहे, मराठी बोलणारी माणसे पगारावर आहेत, रोज आम्हा गोवेकरांशी बोलतात. मोबाइलचे कार्ड बंगळूरचे घेऊन माणूस दहा-दहा वर्षे पुण्यात राहतो. घरची फायबर लाइन तर जागेवरून हलतही नाही, आणि फॉर्मवर ग्राहकाचे नाव, पत्ता, वय, फोटो सगळे घेतात. तिथेच "आपल्याशी कुठल्या भाषेत बोलू?" असा एक रकाना ठेवायला काय हरकत आहे? मी तो फॉर्म स्वतः भरला. असा रकाना त्यात नव्हता. आयुष्यभर फॉर्म हाताळणारी बाई सांगते आहे, एक रकाना वाढवायला फार तर एक बैठक लागते.

इथे एक-दोन आक्षेप येतील, ते मीच घेते. पहिला असा, की कर्नाटकात राहायचे तर कन्नड शिकावी. जरूर शिकावी. बेळगावातले मराठी लोक शिकतातच, त्यांच्या नातवंडांना तर पर्यायच नाही. पण सत्तरी गाठलेल्या शिक्षिकेने राउटरच्या तक्रारीसाठी नव्याने व्याकरण घ्यावे ही अपेक्षा मला पटत नाही. राज्यघटनेचे ३५०अ कलम १९५६ सालीच आले, भाषावार राज्ये झाली त्याच सुमारास. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे असे ते सांगते. मावशीची अख्खी नोकरी त्या विचारावर उभी होती. सहा वर्षांच्या मुलाला जे समजते आहे त्याच्या वयाला आणि भाषेला धरून द्यावे हे आपण मान्य केले, मग सत्तरीतल्या बाईसाठी का नाही?

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे, आणि तो आपल्याच घरचा आहे. गोव्यात मला मराठी ऐकू आली म्हणून मी खूश झाले. पण कोंकणी? १९८७ च्या कायद्याने गोव्याची राजभाषा झालेली, १९९२ साली आठव्या अनुसूचीत गेलेली भाषा माझ्या फोनच्या यादीत मी तरी ऐकलेली नाही. काणकोणच्या एखाद्या म्हाताऱ्याला मराठीचा आकडा दाबताना काय वाटत असेल ते मला मावशीवरून कळले. तसेच जत किंवा अक्कलकोटच्या कन्नड बोलणाऱ्या घरांचे. ते महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये आहेत, त्यांच्या वाट्याला आमची गोड बोलणारी मुलगी येत असणार, आणि ती त्यांना तितकीच परकी. मराठीसाठी मागायचे आणि त्यांचे विसरायचे हे मला जमणार नाही. आपल्याकडच्या काही मराठीप्रेमींना हे आवडायचे नाही याची कल्पना आहे.

सीमाभागात भाषेवरून भांडणे कमी होत नाहीत. पाट्या, बसच्या काचा, सरकारी कागद. २०२४ पासून कर्नाटकात दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नडचा नियम आहे, त्यावरूनही बेळगावात बरेच बोलले गेले. पाटी डोळ्यांना दिसते, म्हणून तिच्यावरून मोर्चा निघतो. फोनमधल्या यंत्राची यादी कुणाला दिसत नाही. ती एकेकट्याला कानात ऐकू येते, आणि माणूस स्वतःलाच कमी समजून फोन ठेवून देतो. मावशीने तेच केले होते. मला म्हणाली, "माझ्या घरची तक्रार मलाच करता येत नाही म्हणजे काय गं?" या वाक्यात तिचा आवाज जसा होता तसा तो मी कधी ऐकला नव्हता. जन्मभर दुसऱ्यांना बोलायला शिकवलेली बाई.

एका परीने हे त्या जुन्या तारेसारखेच झाले. तिथे आखणाऱ्याने धरून चालले की या घरातून बाहेर फारसे काही जायचे नाही. इथे यादी करणाऱ्याने धरून चालले की या घरातून येणारी तक्रार या तीनच भाषांत येईल. दोघांनीही मावशीला विचारले नव्हते.

त्या शनिवारी काय झाले ते सांगायचे राहिले. मी इकडे पणजीत चरफडत असताना मावशीने भिंतीवरून हाक मारली आणि शेजारचे विणकर काका आले. त्यांनी कन्नडचा आकडा दाबला, माग थांबलेला असल्यामुळे ऐकूही नीट आले, आणि दहा मिनिटे यंत्राशी व मग माणसाशी बोलून तक्रार नोंदवली. मध्ये मध्ये तो लांबलचक क्रमांक मावशी मराठीत सांगायची, काका कन्नडमध्ये पुढे द्यायचे. एक आकडा चुकला, तो परत सांगितला. मग मावशीने आपल्या त्या दुसरीतल्या विद्यार्थ्यालाही मोबाइलवर गाठले. तो साडेपाचला आला. माळ्यावर ट्रंक सरकवताना वायर दुमडली होती, काच आतून तुटली होती. नवा सांधा मारला, लाल दिवा हिरवा झाला. कंपनीचा तक्रार मिळाल्याचा निरोप सोमवारी आला म्हणे.

सहाला वर्ग सुरू झाला. मी पणजीहून त्यात डोकावले, मावशीचा आवाज ऐकायला. आवाज खणखणीत येत होता, मागून यंत्रमागाच्या खटखटीसकट. काकांनी माग परत चालू केला होता. बंगळूरच्या धाकट्याने विचारले, "आजी, मागे ट्रेन जातेय का?" मावशी म्हणाली, "नाही रे, साडी होतेय. लिही, 'स्वच्छ'." सातही जणांनी लिहिले. अमेरिकेतलीने दोनदा 'च' लिहिला, पण तो दोष तारेचा नव्हता.